दुष्काळातले स्तुतिगान : मराठी ख्रिस्ती परंपरेचा एक उपेक्षित धागा

बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यात, मांजरा नदीच्या खोऱ्यात, युसूफ वडगाव नावाचे गाव आहे. गावाला नाव देणारा युसूफ कोणीही असो, त्या नावामागची मूळ कथा मात्र दुष्काळाची आहे. हिब्रू भाषेतला योसेफ अरबीत युसूफ झाला. भावांनी कोरड्या विहिरीत टाकलेला, व्यापाऱ्यांना विकलेला, खोट्या आरोपावरून मिसर देशाच्या तुरुंगात खितपत पडलेला हा तरुण पुढे त्याच देशाचा कारभारी झाला. सुकाळाच्या सात वर्षांत त्याने धान्याची कोठारे भरली आणि दुष्काळाच्या सात वर्षांत ती उघडली. यहुदी, ख्रिस्ती आणि मुसलमान हे तिन्ही समाज ही कथा आपली मानतात. कुराणातील बारावा सूरा याच नावाचा आहे. पर्जन्यछायेच्या प्रदेशातील एका मराठी गावाने हे नाव धारण करावे, हा योगायोग मला फार बोलका वाटतो.

कारण दुष्काळ म्हणजे काय, हे बीडला पुस्तकातून शिकावे लागत नाही. १८९९–१९०० च्या महादुष्काळाच्या वेळी हा जिल्हा निजामाच्या राज्यात होता. १८९१ च्या खानेसुमारीत जिल्ह्याची लोकसंख्या सहा लाखांहून अधिक होती. १९०१ मध्ये ती पाच लाखांच्या आत आली. या एका वाक्यात किती घरांना कुलपे लागली असतील याचा हिशेब वाचकाने स्वतःच करावा. १९७२ चा दुष्काळ तर घरोघरीच्या आजी-आजोबांच्या तोंडी अजून आहे, आणि दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी रिकामी होणारी गावे आजही डोळ्यांसमोर आहेत.

मित्रहो, आजच्या धाग्याचा विषय अशा काळाशी निगडित आहे. ख्रिस्ती धर्मजीवनात एक जुनी शिकवण आहे : संकट ओसरल्यावर नव्हे, तर संकटाच्या ऐन मध्यावर देवाची स्तुती करावी. ऐकणाऱ्याला ही शिकवण पहिल्यांदा विचित्र वाटते, आणि दुसऱ्यांदा संशयास्पद. पोट रिकामे असताना स्तोत्रे गायला सांगणे म्हणजे माणसाला गुंगी देणे नव्हे काय? अन्यायाविरुद्ध उठणारा आवाज आळवणीत विरघळवून टाकण्याची ही युक्ती तर नव्हे? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर धर्मशास्त्रात शोधण्यापेक्षा इतिहासात शोधलेले बरे, कारण मराठी मुलुखात ही शिकवण खरोखरीच दुष्काळाच्या, प्लेगच्या आणि बंदिवासाच्या कसोटीला लागली होती.

प्रथम थोडे मुळाकडे. मराठी बायबलात ज्याला ‘स्तोत्रसंहिता’ म्हणतात त्या ग्रंथात १५० स्तोत्रे आहेत. ग्रंथाचे नाव स्तुतीचे असले तरी आतील मोठा भाग गाऱ्हाण्यांचा आहे. गाणारा आजारी आहे, शत्रूंनी घेरलेला आहे, मित्रांनी सोडलेला आहे, आणि देव गप्प का, असा थेट जाब तो देवालाच विचारतो. बहुतेक गाऱ्हाणी शेवटी स्तुतीकडे वळतात; पण सगळीच नाही. एक तर अंधारातच संपते. म्हणजे ज्या परंपरेतून ही शिकवण आली तिच्यात स्तुती आणि तक्रार एकाच ओळीत बसलेल्या आहेत.

दुसरा दाखला ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकातील आहे. मासेदोनियातील फिलिप्पै या रोमन वसाहतीत पौल आणि सीला यांना चौकशीविना फटके मारून, पाय खोड्यात अडकवून आतल्या कोठडीत टाकले होते. मध्यरात्री ते दोघे गात होते आणि बाकीचे कैदी ऐकत होते. भूकंप झाला, दारे उघडली, ही कथा प्रवचनांतून सर्वांना ठाऊक असते. तिचा पुढचा भाग मात्र क्वचितच सांगितला जातो. सकाळी अधिकाऱ्यांनी निरोप धाडला की यांना सोडून द्या. पौलाने जाण्यास नकार दिला. आम्ही रोमन नागरिक असून आम्हाला चौकशीविना जाहीरपणे मारले, आता गुपचूप घालवून देता काय. अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावे, असा त्याचा आग्रह होता. अधिकारी आले आणि त्यांनी विनवणी केली. रात्री गाणारा माणूस आणि सकाळी हक्क मागणारा माणूस एकच होता. हा धागा वाचताना ही गोष्ट मनाशी ठेवावी.

आता आपल्या भाषेकडे येऊ. मराठीतील ख्रिस्ती स्तुतिगानाचा पहिला मोठा ग्रंथ एका इंग्रजाने रचला. थॉमस स्टीफन्स हा जेझुइट पाद्री १५७९ साली गोव्यात आला आणि चार दशके तेथेच राहून १६१९ मध्ये वारला. त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली राशोल येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्या, भाषा मराठी, तिच्यात कोकणीचा रंग, आणि लिपी मात्र रोमन! ज्ञानदेवांची ओवी त्याने उचलली, कारण ज्यांच्यासाठी लिहायचे त्यांचे कान त्याच लयीवर घडलेले होते. ग्रंथाच्या १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा आवृत्त्या निघाल्या. त्यानंतर पोर्तुगीज सत्तेचेच धोरण फिरले. १६८४ मध्ये व्हाइसरॉयने लोकांनी आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी असे फर्मान काढले. ज्या राज्याच्या छायेत हा ग्रंथ जन्मला त्याच राज्याला त्याची भाषा नकोशी झाली.

ग्रंथ तगला तो लोकांच्या गळ्यात. गोव्यातून इन्क्विझिशन, करभार, लढाया आणि उपासमार यांना कंटाळून अनेक ख्रिस्ती कुटुंबे दक्षिणेकडे कानडा किनाऱ्यावर गेली. त्यांनी पुराण सोबत नेले. १७८४ मध्ये टिपू सुलतानाने मंगळूर भागातील हजारो ख्रिस्ती लोकांना इंग्रजांना मदत केल्याच्या आरोपावरून पकडून श्रीरंगपट्टणला नेले. वाटेत आणि बंदिवासात पुष्कळ माणसे मेली. १७९९ मध्ये टिपू पडला तेव्हा उरलेले परतले. नेमका आकडा किती, यावर इतिहासकारांत मोठे वाद आहेत आणि आज त्या वादाला राजकारणाचीही फोडणी मिळते. आपण त्यात शिरू नये. आपल्या विषयापुरती महत्त्वाची आहे ती मंगळूरकर समाजाने जपलेली आठवण : त्या वर्षांत पाद्री नव्हते, देवळे नव्हती, आणि ख्रिस्तपुराणातील ओव्यांनी लोकांना सावरले. १९०७ साली जोसेफ सालदान्हा यांनी मंगळुरात हा ग्रंथ पुन्हा छापला तेव्हा अशाच घराघरांतील हस्तलिखितांचा आधार मिळाला. ज्या ग्रंथाच्या पहिल्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज हाती नाही, तो आपण वाचू शकतो याचे श्रेय छापखान्यापेक्षा उतारे करणाऱ्या आणि गाणाऱ्या माणसांना अधिक आहे.

देशावरच्या मराठी ख्रिस्ती समाजाचा इतिहास वेगळा आणि बराच अलीकडचा. अमेरिकन मराठी मिशनने अहमदनगरला १८३१ मध्ये ठाणे मांडले. ‘ज्ञानोदय’ हे पत्र १८४२ मध्ये तिथूनच निघाले. निजामी मुलुखात जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्रि यांनी बेथेल ही वसाहत उभी केली. मराठवाड्यातील प्रॉटेस्टंट समाजाच्या इतिहासात तिचे स्थान मोठे आहे. या मंडळ्यांत आलेले बहुसंख्य लोक महार-मांग समाजांतले होते. गावकुसाबाहेरच्या या माणसांना दुःखाची ओळख मिशनऱ्यांनी करून द्यावी लागली नाही, आणि गाण्याची तर मुळीच नाही. डफ, टाळ, हलगी, संबळ यांवर पिढ्यान्‌पिढ्या ज्यांचा हात बसलेला, त्यांना हार्मोनियमवर इंग्रजी चालींची भाषांतरित गीते शिकवली जात होती. ती गीते व्याकरणशुद्ध होती, पण गळ्याला बसत नव्हती.

ही कोंडी फोडणाऱ्यांत कृष्णराव रत्नाजी सांगळे यांचे नाव आधी घ्यावे लागते. अहमदनगरात १८६० च्या दशकात त्यांनी ख्रिस्ती कीर्तनाचा प्रयोग केला : पूर्वरंग-उत्तररंग तसाच, टाळ-मृदंग तसेच, आख्यान मात्र बायबलातले. काही मिशनऱ्यांना यात ‘मूर्तिपूजकांची’ रीत दिसली. गावकऱ्यांना ओळखीचे अंगण दिसले. सांगळ्यांच्या नावाचा आज फारसा उच्चार होत नाही, ही आपल्या वाङ्मयेतिहासाची कंजुषी.

येथे एक आडवळण घेतो. १६३० च्या आसपास दख्खनमध्ये भयंकर दुष्काळ पडला. देहूच्या एका वाणियाचे दुकान बुडाले, पहिली पत्नी अन्नावाचून गेली, मुलगा गेला. त्या राखेतून तुकोबांची वाणी उभी राहिली. तुकोबांनी विठ्ठलाची स्तुती केली तशीच त्याची खरडपट्टीही काढली. त्याला कंजूष म्हटले, निष्ठुर म्हटले, आणि पुन्हा त्याच्याच पायांशी आले. स्तोत्रसंहितेतील गाऱ्हाणे करणारा गायक आणि हा देहूकर एकमेकांना भेटले असते तर त्यांना दुभाष्याची फारशी गरज पडली नसती. नारायण वामन टिळक पुढे म्हणत असत की आपण ख्रिस्तापर्यंत आलो ते तुकोबांच्या पुलावरून. त्या उद्गाराचा अर्थ केवळ वृत्तापुरता नव्हता. संकटात देवाशी कसे बोलावे, हे मराठी माणसाला आधीच ठाऊक होते.

आणि आता या धाग्याचा गाभा : पंडिता रमाबाई.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला आणि मुलींना संस्कृत शिकवले, त्यापायी समाजाचा रोष पत्करला, आणि पुराणे सांगत हे कुटुंब तीर्थोतीर्थी हिंडत राहिले. १८७० च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला. रमाबाईंनी उत्तरायुष्यात लिहिलेल्या आत्मनिवेदनात त्या दिवसांचे वर्णन आहे. दागदागिने, भांडी, चांगले कपडे, सारे देवाच्या अनुष्ठानांत आणि दानांत संपले. भिक्षा मागण्याची लाज, मजुरीची सवय नाही. शेवटी मरायचेच तर तीर्थक्षेत्री मरावे म्हणून ते तिरुपतीच्या डोंगराकडे गेले. रानातली पाने खाऊन दिवस काढले. अंध होत चाललेल्या वृद्ध वडिलांनी तीर्थात देह ठेवण्याचे ठरवले आणि मुलीला जवळ घेऊन निरोप दिला : जगलीस तर मानाने जग आणि आयुष्यभर देवाची सेवा कर. मुलाने मजुरी करण्याची तयारी दाखवल्यामुळे तो बेत टळला. पण थोड्याच दिवसांत वडील तापाने गेले. मग आई, मग थोरली बहीण. आई वारली ती निजामी मुलुखातील रायचूरला. खांदा द्यायला माणसे मिळेनात. सोळा वर्षांच्या रमाबाई तिरडीला हात लावून सुमारे तीन मैल चालल्या. त्यानंतर त्या आणि भाऊ श्रीनिवास देशभर पायी फिरले. सुमारे चार हजार मैलांची ही वाट होती.

ही पार्श्वभूमी विस्ताराने सांगण्याचे कारण असे की रमाबाईंच्या पुढील धर्मजीवनाबद्दल बोलताना लोक एकदम ख्रिस्ती दीक्षेवर उडी मारतात. ती दीक्षा १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे झाली. पण आपली श्रद्धा खऱ्या अर्थाने जिवंत झाली ती त्यानंतर आठ वर्षांनी, असे त्या स्वतः सांगतात. पतीचे निधन दीक्षेआधीच झालेले, लहान मनोरमा सोबत, १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलेले, १८९३ मध्ये धर्मांतराच्या आरोपांवरून पुण्याच्या सुधारकांनीही संबंध तोडलेले. म्हणजे स्तुतीची भाषा त्यांनी सुखाच्या माडीवरून उचललेली नव्हती.

१८९६–९७ चा दुष्काळ मध्य प्रांतात भडकला तेव्हा रमाबाई स्वतः तिकडे गेल्या. सरकारी अनाथगृहांत आणि कामांवर मुलींची काय दशा होते, कोण कोण दलाल तेथे घिरट्या घालतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले आणि लिहून प्रसिद्ध केले. आपली वीस वर्षांपूर्वीची भूक त्यांना त्या चेहऱ्यांत दिसली. सुमारे तीनशे मुली त्या घेऊन आल्या. नेमकी त्याच वेळी पुण्यात प्लेगची साथ होती, त्यामुळे मुलींना दौंडजवळ केडगावच्या माळरानावर न्यावे लागले. तेथे १८९८ मध्ये ‘मुक्ती’ उभी राहिली. १९०० च्या दुष्काळात गुजरात-काठियावाडकडून आणखी शेकडो मुली आल्या आणि संख्या दोन हजारांच्या आसपास पोहोचली. शेती, विणकाम, घाणा, छापखाना, अंध मुलींसाठी ब्रेल. आणि दिवसाच्या दोन्ही टोकांना प्रार्थना व गाणे.

आरंभीच्या संशयाकडे येथे परतू. ही बाई संकटात स्तुती करायला शिकवत होती. मग ती अन्यायापुढे गप्प बसली काय? १८९७ मध्ये पुण्यात रँडच्या प्लेग-कारभाराने हैदोस घातला होता. रमाबाईंच्या आश्रयाखालील एका मुलीला प्लेगच्या छावणीत नेण्यात आले आणि तिच्या वाट्याला जे आले ते भीषण होते. रमाबाईंनी ‘बाँबे गार्डियन’ या ख्रिस्ती पत्रात सडेतोड पत्र लिहून सरकारी व्यवस्थेतील स्त्रियांच्या विटंबनेवर बोट ठेवले. सरकारने आरोप फेटाळले. राज्यकर्ते ख्रिस्ती, पत्र लिहिणारी ख्रिस्ती, तिच्या संस्थेचा पैसा परदेशी ख्रिस्ती दात्यांचा; तरी ती लिहिती झाली. फिलिप्पैच्या तुरुंगातील सकाळ ती हीच.

आता याहून अवघड प्रश्न. रमाबाई स्वतःच्या अनुभवाने गात होत्या हे मान्य. पण मुक्तीतील मुलींचे काय? भुकेने मरणाऱ्या नऊ-दहा वर्षांच्या मुलीला अन्न, वस्त्र, निवारा देणारी संस्था जेव्हा गायला सांगते, तेव्हा तिच्या गाण्याला स्वेच्छेचे म्हणता येईल काय? समकालीन टीकाकारांनी हा मुद्दा मांडला होता आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. त्या मुलींविषयी जे वाचायला मिळते ते बहुतांशी ‘मुक्ती प्रेअर बेल’ सारख्या, दात्यांसाठी निघणाऱ्या इंग्रजी नियतकालिकांतून. म्हणजे दुसऱ्याच्या भाषेत आणि दुसऱ्याच्या गरजेने गाळलेले. उपकाराच्या छायेतील श्रद्धा पूर्ण मोकळी नसते, असे माझे मत आहे.

तरीही १९०५ साली जे घडले ते या मापात बसत नाही. त्या वर्षाच्या आरंभी रमाबाईंनी रोज प्रार्थनेसाठी जमण्याचे आवाहन केले. सत्तरच्या आसपास मुली पुढे आल्या, महिन्यांत ती संख्या शेकड्यांत गेली. जूनच्या अखेरीस वसतिगृहात एका रात्री जणू बांध फुटला. मुली रडू लागल्या, आपल्या चुका मोठ्याने सांगू लागल्या, मग हसू, गाऊ, टाळ्या पिटू, नाचू लागल्या. शेकडो कंठांतून एकाच वेळी वेगवेगळी प्रार्थना सुरू होई आणि तासन्‌तास चाले. शाळेचे वेळापत्रक कोलमडले. पाश्चात्त्य मिशनऱ्यांपैकी अनेकांना हा गोंगाट रुचला नाही. त्यांना शिस्तबद्ध उपासनेची सवय होती. रमाबाईंनी मुलींना थांबवले नाही. भारतीय माणसाने आपल्या रीतीने देवापुढे उभे राहावे, पाश्चात्त्य साच्यात त्याला कोंबू नये, अशी त्यांची भूमिका होती.

माझ्या दृष्टीने पुरावा येथे आहे. पढवलेली स्तुती पढवणाऱ्याला आवडते. केडगावातील स्तुतीने पढवणाऱ्यांचीच पंचाईत केली. गाण्याच्या आधी रडणे होते आणि ते रडणेही कोणाच्या आज्ञेवरून नव्हते. पाच-आठ वर्षांपूर्वी ज्यांनी आईबापांना रस्त्याकडेला मरताना पाहिले होते, त्या मुलींना आक्रोशाला तोवर जागाच मिळाली नसेल. अन्न मिळाले, पाटी मिळाली, काम मिळाले. आवाज उरला होता. दुःखाला वाट मिळाल्याशिवाय स्तुती तोंडातून फुटत नाही, हे स्तोत्रसंहितेच्या रचनेतच दिसते, आणि केडगावच्या त्या पावसाळ्यातही दिसले.

या घटनेचे पडसाद कोठवर गेले याची कल्पना आपल्याकडे फार थोड्यांना आहे. मुक्तीत काम करणाऱ्या मिनी अब्राम्स या अमेरिकन बाईंनी १९०६ मध्ये त्यावर एक पुस्तिका लिहिली. ती त्यांनी आपल्या एका जुन्या सहाध्यायिनीला दक्षिण अमेरिकेतील चिली देशात, वाल्पाराइसो येथे धाडली. त्या मैत्रिणीचे पती, विलिस हूव्हर, तेथील मेथडिस्ट मंडळीचे पाळक होते. १९०९ मध्ये त्या मंडळीत तसाच उद्रेक झाला, मातृसंस्थेशी खटके उडाले, आणि चिलीतील स्वतंत्र पेंटेकॉस्टल चळवळ सुरू झाली. आज त्या देशातील लाखो श्रमिक लोक आपली परंपरा जेथून सांगतात, तिचे एक मूळ दौंडजवळच्या माळावर, दुष्काळातून वाचलेल्या मुलींच्या गाण्यात आहे. आपल्या इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत याला दोन ओळींचीही जागा नाही.

रमाबाईंचा मोठा वारसा मात्र शांत बसून केलेल्या कामाचा आहे. आयुष्याची शेवटची पंधराएक वर्षे त्या हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलाचे मराठी भाषांतर करत होत्या. खेड्यातील अल्पशिक्षित बाईला वाचता यावे अशी भाषा त्यांना हवी होती. मजकूर जुळवणे, छापणे हे सारे मुक्तीच्या छापखान्यात मुलीच करत. जुलै १९२१ मध्ये मनोरमा वारली. चाळिशीतील एकुलती मुलगी, संस्थेची वारस. रमाबाईंना तेव्हा जवळजवळ ऐकू येत नसे. त्यांनी काम थांबवले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. शेवटची मुद्रिते तपासून झाल्यावरच गेल्या, असे केडगावात सांगितले जाते. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. आईला चितेपर्यंत नेलेल्या आणि मुलीला मूठमाती दिलेल्या हातांनी त्या गाऱ्हाण्याच्या स्तोत्रांना मराठीत आणले, हे ध्यानात ठेवून तो वाचावा.

अखेरीस टिळक दांपत्याकडे वळू. त्यांच्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून थोडक्यात. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंच्या संसाराचे दोन तुकडे झाले. सोवळ्याओवळ्यात वाढलेली ही बाई लहान मुलाला घेऊन माहेरच्यांच्या आश्रयाने राहिली, काही काळ पंढरपुरात. सुमारे पाच वर्षांनी, १९०० मध्ये, तिने स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती दीक्षा घेतली. ‘स्मृतिचित्रे’ मध्ये हा सारा काळ आहे. त्यात लोकांची बोलणी आहेत, वेड लागेल अशी एकटेपणाची अवस्था आहे, आणि पानोपानी खळाळणारे हसू आहे. भाविक चरित्रांत संकट आले की पात्रे लगेच हात जोडतात. लक्ष्मीबाई आधी नवऱ्याशी भांडतात, मग रडतात, मग स्वतःलाच हसतात, आणि त्यानंतर कधीतरी हात जोडतात. संकटातील श्रद्धेचे इतके खरे चित्र मराठीत दुसरे मला आढळलेले नाही.

टिळकांनी मराठी ख्रिस्ती उपासनेला तिचा आवाज दिला. अभंग, भजने, पदे अशी शेकडो गीते त्यांनी रचली आणि ती आजही ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहाच्या द्वारे मराठवाड्यापासून मुंबईपर्यंतच्या मंडळ्यांत गायली जातात. मैतीच्या घरी, आजाऱ्याच्या उशाशी, पाऊस लांबल्यावर बोलावलेल्या सभेत ही गीते टाळ-ढोलकीवर उभी राहतात, तेव्हा ती परकी वाटत नाहीत. सांगळ्यांनी पाडलेली वाट त्यांनी हमरस्ता केली. शेवटच्या वर्षांत मिशनची नोकरी सोडून ते साताऱ्यात संन्यस्त वृत्तीने राहिले आणि ‘देवाचा दरबार’ ही जातपातविरहित बंधुसंगती उभारू लागले. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. येशूच्या चरित्रावरील ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरेच राहिले होते.

ते पुरे करायला कोणी मोठा कवी पुढे आला नाही. शाळेचे तोंड न पाहिलेल्या, नवऱ्याने घरीच अक्षरे शिकवलेल्या लक्ष्मीबाईंनी वैधव्यात ते हाती घेतले. टिळकांचे दहा-अकरा अध्याय झाले होते. बाईंनी त्यापुढे साठांहून अधिक लिहिले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिकला त्यांचे निधन झाले आणि ग्रंथ त्यानंतर छापून बाहेर आला.